बटणाची पाठ

अक्कानं बटण टेबलावर ठेवलं तेव्हा मी मान वर न करता म्हणालो, "तिथे नको, ती जागा नौदलाची आहे." माझ्या टेबलाला शिस्त आहे. पायदळ डावीकडे, घोडदळ खिडकीपाशी, नौदल दिव्याखाली, आणि ज्यांचा काही पत्ता लागत नाही अशी अनाथ बटणं मधल्या बशीत. जुन्या सैनिकी गणवेशांची बटणं आणि बिल्ले ओळखायचे, ते कुठल्या पलटणीचे, कुठल्या काळातले हे सांगायचं, हा माझा धंदा. संग्रहालयातून निवृत्त झालो तरी तो सुटला नाही, लोक घरी येतात. गल्लीतली पोरं मला बटण्या म्हणतात आणि ते काही चुकीचं नाही. तर अक्का हलली नाही, म्हणून मी वर पाहिलं आणि बटणाखालची चिंधी दिसली. जाड, हिरवट, एका कडेला उसवलेली. ती ओळखायला मला भिंग लागलं नाही. हे बटण अक्काच्या कपाटाबाहेर येत नसे. मी या धंद्यात पडलो त्या वर्षी एकदा सहज म्हटलं होतं, दाखव की, बघतो, तर ती म्हणाली होती, "तुझ्या टेबलावर माझं काही यायचं नाही." पुन्हा विषय निघाला नव्हता. आम्ही दोघं एका घरात म्हातारे झालो, तिच्या गुडघ्यांचं, माझ्या दातांचं, दुधवाल्याच्या लबाडीचं बोलत राहिलो, आणि ते बटण तिच्या कपाटात रुमालाच्या घडीत होतं हे मला माहीत होतं, तिला माहीत होतं, बस.

"बघ," अक्का म्हणाली.

"काय बघू?"

"सकाळी त्या गृहस्थांचं बघितलंस, तसं."

सकाळचे ते गृहस्थ माझ्याच वयाचे, टोपी मांडीवर घेऊन बसलेले. आजोबांच्या कोटाचं म्हणून एक बटण त्यांनी कापसात गुंडाळून आणलं होतं. आजोबा कुठल्या तरी किल्ल्याच्या वेढ्यात पडले म्हणे, घरात त्यांचा फोटो, फोटोखाली हे बटण. मी उलटं केलं, पाठ पाहिली आणि सांगितलं की तुमचे आजोबा गेले तेव्हा हे बटण जन्मालाही आलं नव्हतं, कुणीतरी तुम्हाला बनवलंय. गृहस्थ हसले. पुष्कळ वेळ हसू तसंच तोंडावर राहिलं, काढून ठेवायला जागा मिळत नसल्यासारखं. मग उठले, आणि छत्री आमच्याच दारात विसरून गेले. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "इतकं तोंडावर सांगायचं असतं का रे धाकट्या?" मी म्हणालो, "मग काय, खोटं सांगू? ते मला जमत नाही." "ते ठाऊक आहे मला," अक्का म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं राग आला. आता कळतंय की आत जाऊन ती कपाटाशी उभी राहिली असणार, दुपारभर.

मी म्हणालो, "अक्का, कशाला?" ती म्हणाली, "डोळे आता पार गेल्यात जमा आहेत. तुझंही काही खरं नाही. कोणाला विचारायचं राहून गेलं असं नको." आणि समोरच्या खुर्चीवर बसली, त्या गृहस्थांच्याच. हात मांडीवर. टेलिफोनच्या कचेरीत जन्मभर नोकरी केलेल्या बाईचा तो बसण्याचा ढंग, पाठ ताठ, कान एका बाजूला, दुसऱ्यांची बोलणी जोडून द्यायची आणि मध्ये ऐकायचं नाही.

अक्काचं लग्न होऊन घर लागतंय तोवर भावोजी युद्धावर गेले. मधे एकदाच सुट्टीवर आले. तेव्हा मी केवढा, त्यांच्या कमरेएवढा. ते दारातल्या पायरीवर कोट मांडीवर घेऊन बसत, फट पाडलेली पितळी पट्टी बटणांच्या खाली सरकवत, म्हणजे सगळी बटणं रांगेत वर आणि कापडाला पॉलिश लागत नाही, आणि घासत. माझ्याकडे डबी धरायचं काम आणि फुंकर घालायचं काम. माझी फुंकर पडली की ससाणा धुरकट व्हायचा, चिंधी फिरली की पुन्हा उजळायचा. त्यांच्या पलटणीचं चिन्ह पंख पसरलेला ससाणा. त्यानंतर ते परत गेले, आणि काही महिन्यांनी एका नदीच्या उताराजवळ त्यांची तुकडी फुटली, आणि सरकारनं कळवलं, बेपत्ता. मेला असं नाही, आहे असंही नाही. लोकांना तेवढं पुरे असतं. पळाला, असं कोपऱ्यावरचा न्हावी म्हणायचा. पलीकडे बाई ठेवून राहिलाय, असं आमचीच मावशी म्हणायची, ते अक्काला ऐकू जाईल अशा बेतानं. अक्कानं खालचा ओठ दातात धरला तो सुटेना. मग युद्ध संपल्यानंतर दोन-तीन वर्षांनी एक माणूस लंगडत दारात आला. इतके दिवस इस्पितळात होतो म्हणाला. पाणीसुद्धा उभ्यानंच प्याला. खिशातून ही चिंधी काढली, तिच्यावर हे बटण. "वहिनी, पाण्याला ओढ फार होती. माणूस हाती लागला नाही. कोट तेवढा हाती आला, त्याचं हे कापून घेतलं." अक्का तेव्हा पहिल्यांदा रडली, आणि रडून झाल्यावर जेवली. त्या दिवसापासून ती पळालेल्या माणसाची बायको राहिली नाही. तिला पुढे दोन चांगली स्थळं आली होती. तिनं नाही म्हटलं, आणि नाही म्हणताना तिच्या चेहऱ्यावर जो एक प्रकारचा आराम असे तो या बटणाचा होता.

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी काय म्हणालो, तर, "कापडावरून काढावं लागेल." अक्कानं मान हलवली. मी लहान पातं घेतलं, दोरा कापला, बटण सुटलं, आणि हाताला जन्माची सवय, मी ते सरळ पालथं केलं. मला हा धंदा शिकवणारे आमचे मास्तर सांगत, तोंडाकडे बघूच नकोस, तोंडाचा साचा शंभर वर्षं तोच चालतो, आधी पाठ बघ. पाठीवरची कडी. युद्धाच्या आधीच्या आणि युद्धातल्या बटणांना मागे तारेची गोल कडी असते. युद्ध संपल्यावर वर्षभरात कारखान्यांनी यंत्रं बदलली, पाठ आणि कडी एकाच पत्र्यातून दाबून निघू लागली, चपटी. आंधळ्यालासुद्धा बोटानं कळावं इतका फरक. माझ्या हातात चपटी होती.

"चपटी आहे," मी म्हणालो. विचार करून नाही. तोंडातून गेलं. टेबलाशी बसलो की माझं तोंड माझं राहत नाही.

"म्हणजे?"

आता इथे एक क्षण होता. अगदी ऐसपैस क्षण. त्यात एखादा शहाणा माणूस सहज वळला असता. खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या चादरी दिसत होत्या, वारा नव्हता. मला वाटलं, अक्कानं मला विचारलंय म्हणजे तिला खरंच हवंय. मला वाटलं, मी दुसरं काय देऊ शकतो हिला. खरं सांगायचं तर यातलं काहीच वाटलं नाही, हे आत्ता जुळवतोय. तेव्हा मी फक्त म्हणालो, "युद्धानंतरचं आहे."

"नक्की?"

"कडीत शंकेला जागा नाही."

अक्का थोडी पुढे झुकली, फोनवर आवाज तुटल्यासारखी. "म्हणजे त्या माणसानं कुठून तरी आणून दिलं."

"असेल."

"कीव आली असेल." मी बटण बोटांत फिरवत राहिलो. ती म्हणाली, "बरं झालं विचारलं." उठली, खुर्ची नीट आत सरकवली, स्वयंपाकघरात गेली. नळ सुटला, बंद झाला. भांडं ठेवल्याचा आवाज. मग काहीच नाही. आणि मग, मला उद्देशून नाही, भिंतीला विचारावं तसं ती म्हणाली, "मग आता ते कुठे असतील?"

मी बशीतली अनाथ बटणं बघत बसलो. असतील, म्हणाली. एवढी वर्षं ती भावोजींबद्दल बोलताना होते म्हणायची, असायचे म्हणायची. आज माझ्या एका शब्दानं ते नदीतून बाहेर आले, अंग पुसलं, आणि कुठल्याशा गावी म्हातारे होऊन बसले, नातवंडं खेळवत. माझी अक्का विधवा होती, मी तिला टाकलेली बाई करून ठेवली. आणि न्हावी खरा ठरला. मावशी खरी ठरली. बटण हातातून निसटलं, टेबलावर गरगरलं आणि तोंड वर करून पडलं.

त्याच्याकडे बघायची मला काही गरज नव्हती. दुसरीकडे कुठे बघावं हे कळत नव्हतं म्हणून मी भिंग लावलं. ससाणा झिजला होता, पण एकीकडून जास्त, एक पंख जवळजवळ गेलेला. त्यावर बारीक रेघा. घासणारा माणूस उजवा असला की रेघा एका अंगाला कलतात, हे आमच्या धंद्यात शेंबड्या पोराला कळतं. या दुसऱ्या अंगाला कलल्या होत्या. सगळ्या. डावऱ्या माणसानं, एकाच माणसानं, रोज घासलेलं बटण. पायरीवर बसलेले भावोजी, आणि आई आतून, "जावईबापू, निदान जेवताना तरी तो हात मांडीवर ठेवा," आणि ते हसून डाव्या हातानंच घास घेताना. अक्कानं कधी त्याला पॉलिश लावलं नव्हतं, फडकंसुद्धा फिरवलं नव्हतं. शेवटचा हात त्यांचा आहे म्हणायची. आता मी काठ पाहिला. पुढचा पत्रा मागच्यावर जिथे वळवलेला असतो तिथे कारखान्याची घडी एकसारखी हवी. ही दोनदा वळवलेली होती, बारीक हातोडीचे ठोके, आणि घडीच्या आत राखाडी झाळ, धातू जोडायच्या कथलाचा एक थेंब, ओघळून थिजलेला. कुणीतरी हे बटण उघडलं होतं. जुनी पाठ काढून दुसऱ्या बटणाची पाठ बसवली होती.

आणि तो वास आला. खरोखरच आला, या खोलीत, झाळणाऱ्याच्या दुकानाचा, तापलेल्या कथलाचा आणि आम्लाचा. मी आईचं बोट धरून उभा. आईला घाण म्हणून कशाची खपायची नाही, तिनं ती चिंधी धुतली असणार, अक्का कामावर गेलेली असताना, कुबट वास मारत होती म्हणून, आणि पिळताना कडी तुटली असणार, आणि नीट करून आणल्यावर तिनंच ते पुन्हा चिंधीवर टाचलं असणार. हे मी आता जोडतोय. तेव्हा एवढंच पाहिलं की आईनं रुमालाची गाठ सोडून झाळणाऱ्याला काहीतरी दिलं, मला वाटलं कानातलं. त्यानं एका डब्यातून दोन-तीन बटणं काढली, यातली कुठली पाठ लावू म्हणून विचारलं, आणि आई म्हणाली, "कुठलीही लाव. पुढून तेवढं जसंच्या तसं राहू दे. मागून कोण बघतंय." परतताना मला दम भरला, अक्काला बोललास तर बघ. मी नाही बोललो. पोर होतो, संध्याकाळपर्यंत विसरलो. पण मागून बघायचं हेच पुढे माझ्या पोटापाण्याचं काम झालं. आज त्या गोष्टीवर हसू यायला हवं होतं.

मी धावलो. या वयात दहा पावलांच्या घरात माणूस जितका धावेल तितका. अक्का मोरीजवळच्या स्टुलावर बसली होती, हात कोरडे, समोर कोरडं भांडं. मी सगळं एका दमात सांगितलं, डावरा हात, रेघा, काठ, झाळ, आईचं दुकानात जाणं. "त्यांचंच आहे. शंभर टक्के त्यांचंच आहे, अक्का, तो माणूस खोटं बोलला नव्हता. मी गाढव आहे, मी पाठ बघितली आणि थांबलो."

ती ऐकत होती. शेवटपर्यंत, मध्ये न तोडता. मग तिनं माझ्या गालाला हात लावला, गाल ओला होता, तेव्हा मला कळलं की मी रडतोय. "बस जरा," ती म्हणाली. "दम लागलाय तुला."

"तुला पटलं ना?"

"पटलं रे."

ते ज्या सुरात म्हणाली तो सूर मी ओळखतो. कचेरीतून आल्यावर ती सांगायची, लोकांना वाईट बातमी जोडून देताना कसं बोलावं लागतं ते. मी भिंग तिच्या एका हातात कोंबलं, बटण दुसऱ्यात. "हे बघ, इथे, काठाला." तिनं बघितल्यासारखं केलं. तिच्या डोळ्यांवर दुधासारखी साय, तिला त्यात काय दिसणार. "मला ढग दिसतोय," ती म्हणाली. "तू सांगशील तेच मला दिसायचं, धाकट्या. मघाशी सांगितलंस ते दिसलं."

"मघाशी चुकलो."

"तू कधी चुकतोस? आणि सकाळी त्या गृहस्थांना नाही सुचलं तुला असं काही. त्यांचंही कुणीतरी उघडून झाळलं असेल की."

मी म्हणालो संग्रहालयातून दुसऱ्या माणसाला बोलावतो, उद्याच, तो सांगेल. ती म्हणाली, तो तुझ्याच हाताखाली शिकलेला, तू डोळा मारलास की बोलेल. मी आईची शपथ घेतली. "आईवर कशाला ढकलतोस," अक्का म्हणाली, "ती बिचारी गेली, तिला विचारायची सोय नाही म्हणून?" तेव्हा माझा तोल सुटला. मी ओरडलो, त्या म्हातारीवर, मला वाढवलेल्या, माझ्या पोटात दुखलं की रात्रंदिवस उशाशी बसलेल्या माझ्या बहिणीवर मी ओरडलो की तुला खरं कळत नाही का, मी खोटं बोलतो का कधी, मला येतं का खोटं बोलता. शेजारच्यांची खिडकी लागल्याचा आवाज आला. माझा आवाज फाटला आणि थांबला. बोलायला मला तोंडच उरलं नव्हतं. खरं सांगायला जो आवाज वापरतात तो मी मघाशी खुर्चीवर बसून वापरून टाकला होता, कोरडा, शंकेला जागा नसलेला. आता जो निघत होता तो रडक्या भावाचा होता, आणि त्यात कितीही खरं भरलं तरी ते मायेचंच ऐकू येणार होतं. मी खाली लादीवर बसलो. लादी गार होती. मला वाटलं, इथेच मरावं.

अक्का म्हणाली, "आयुष्यात एकदा तरी माझ्यासाठी खोटं बोललास." आणि हसली. फार गोड हसली. "बरं वाटलं मला, खरंच."

त्यानंतर ती बरीच शांत झाली, मलाच तिच्या शांतपणाचं भय वाटू लागलं. तिनं दूध तापवलं, मला कपभर दिलं, स्वतः घेतलं. उतरतं ऊन मोरीच्या खिडकीतून आत आलं. तिनं बोलता बोलता विचारलं, "ती गृहस्थांची छत्री पोचती करशील ना?" मी हो म्हणालो. मग आत जाऊन शिवणाचा डबा घेऊन आली, सुई आणि काळा दोरा माझ्यापुढे धरला. "ओवून दे. मला दिसत नाही." मी ओवून दिली. दोन-तीनदा दोरा फाकला, थुंकीनं वळवला, पण ओवली. इतकं साधं काम तिनं मला सांगितलं याचंच मला इतकं बरं वाटलं की मी कशाला म्हणून विचारलं नाही.

"उभा राहा," ती म्हणाली. मी उभा राहिलो. माझा हा घरातला स्वेटर, करडा, कोपरात विरलेला, त्याचं मधलं बटण कधीचं तुटलंय. अक्का हिवाळाभर कटकट करत होती, टेबलावर ढीगभर बटणं पडलीत आणि अंगावर एक धड नाही म्हणून. तिनं स्वेटर चिमटीत धरला. दुसऱ्या हाताची मूठ उघडली. ससाणा होता.

"अक्का, नको."

"हलू नकोस, टोचेल."

मी तिचा हात धरायला हवा होता. धरून काय सांगणार होतो, ते सांगून झालं होतं. तिनं बोटांनी चाचपून चपटी कडी लोकरीवर टेकवली आणि सुई घातली. डोळे मिटून शिवत होती, मान जरा तिरकी, श्वास माझ्या छातीवर. तिच्या केसांना साबणाचा वास येत होता. एक टाका, दुसरा टाका, कडीतून दोरा सरकल्याचं मला बरगडीशी कळत होतं. असं बटण लावताना मी तिला माझ्या शाळेच्या सदऱ्यांवर किती वेळा पाहिलं होतं, आणि तेव्हाही ती म्हणायची, हलू नकोस. मी हललो नाही. शेवटी तिनं दोरा गुंडाळला, दात लावून तोडला, आणि बटण काजातून ओढून पाहिलं. काज लहान पडत होतं. तिनं अंगठ्यानं दाबून ते बसवलंच.

मग दोन पावलं मागे जाऊन, दिसत नसताना, तिनं मला नीट न्याहाळलं. "दोरा काळा आहे," मी म्हणालो, काहीतरी बोलायचं म्हणून. "स्वेटर करडा. मागून दिसेल."

"मागून कोण बघतंय," अक्का म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावलं.